घरातल्या घरात पडणं

घरातलं वयस्क माणूस पडलं की धावत आलेले सगळे एकच विचारतात, "लागलं का?" नाही म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि विषय तिथेच मिटतो. पडलेल्या माणसालाही तेच हवं असतं. मुलाला कळलं तर उद्यापासून भाजीला एकटीला जाऊ देणार नाही, गच्चीवर जायची बंदी होईल, कदाचित गावचं घर बंद करून शहरात त्याच्याकडे जावं लागेल. त्यामुळे पुष्कळ जणी पडल्याचं सांगतच नाहीत. कोपरावरचा काळानिळा डाग कुणी पाहिलाच तर "दार लागलं" म्हणून मोकळ्या होतात.

पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या मध्यम वा कमी उत्पन्नाच्या देशांतली असतात आणि वयोगटांत सर्वाधिक वाटा साठीपुढच्यांचा असतो. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच नंबर लागतो.

एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. म्हणून न लागलेलं पडणं महत्त्वाचं. कारण शोधायला त्याहून स्वस्तातली संधी मिळत नाही. कुठे पडलात, किती वाजता, उठताना की वळताना, डोळ्यांपुढे अंधारी आली होती की शुद्धीवर असताना पाय अडकला, त्याआधी कोणती गोळी घेतली होती, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

"पाय घसरला" एवढ्यावर भागत नाही

उभं राहणं वाटतं तितकं सोपं काम नाही. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि तळपायांतल्या-सांध्यांतल्या संवेदना अशा तीन ठिकाणांहून मेंदूला सतत बातमी येत असते आणि त्यानुसार तो पायांच्या स्नायूंना हुकूम सोडतो. तरुणपणी यातलं एखादं ठिकाण गप्प झालं तरी बाकीची दोन निभावून नेतात. वय झालं की तिन्ही थोडी थोडी मंदावतात. मोतीबिंदू असतो, मधुमेहाने तळपाय बधिर झालेले असतात आणि ठेच लागल्यावर झटकन दुसरं पाऊल टाकून सावरण्याइतकी ताकद मांडीत उरलेली नसते.

समजा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई रात्री तीनला लघवीसाठी उठल्या आणि पडल्या. सकाळी सगळे म्हणतात, फरशी ओली होती. फरशी ओली होतीच. पण त्यांना रात्रीतून तीनदा उठावं लागत होतं, कारण लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली जात होती. झोपेची अर्धी गोळीही घेतलेली होती. ताडकन उठल्यावर रक्तदाब उतरला, चष्मा टीव्हीजवळ राहिला होता आणि दिव्याचं बटण खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. यांतल्या दोन गोष्टी जरी त्या रात्री वेगळ्या असत्या तरी त्या ओल्या फरशीवरूनही बहुधा सुखरूप परतल्या असत्या. पडणं असं पाच-सहा कारणं एकत्र जमल्यावर घडतं आणि त्यामुळेच ते टाळता येतं. सगळी कारणं काढावी लागत नाहीत, दोन-तीन काढली तरी पुष्कळ फरक पडतो.

गोळ्यांची पिशवी

घर दुरुस्त करण्याआधी औषधं पाहावीत, असं माझं मत आहे. त्याला गवंडी लागत नाही. साठीनंतर रक्तदाबाचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे, प्रोस्टेटचे वेगळे असतात आणि प्रत्येकाने दिलेली चिठ्ठी आपापल्या जागी बरोबरच असते. सगळ्या गोळ्या एका पोटात जातात तेव्हा काय होतं, हे बघायची जबाबदारी मात्र कुणाचीच नसते. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून, त्यात मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेल्या, आयुर्वेदिक आणि "शेजारणीला गुण आला" म्हणून सुरू केलेल्या गोळ्याही टाकून, वर्षातून एकदा ती पिशवी फॅमिली डॉक्टरांसमोर ओतावी.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची, विशेषतः अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्यांची आधी विचारपूस करावी. त्या सकाळपर्यंत रेंगाळतात. सर्दीच्या साध्या गोळीनेही गुंगी येते. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनसारख्या औषधांनी उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन एकादशी किंवा श्रावणी सोमवारचा उपवास केला तर साखर एकदम खाली येते आणि देवापुढून उठतानाच घेरी येते. उपवास करू नका, असं मी म्हणत नाही. त्या दिवशी गोळी किती घ्यायची, हे आधी विचारून ठेवा. कोणतीही गोळी मनाने बंद करणंही धोक्याचं आहे. झोपेची गोळी तर हळूहळूच सोडावी लागते.

चक्करच्या गोळीची गंमत वेगळीच आहे. कुशीवर वळल्यावर किंवा मान वर केल्यावर अर्धा-एक मिनिट घर गरगर फिरतं, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे कानाच्या आतले बारीक कण जागा सोडतात. त्यावर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर नेण्याची एप्ले नावाची पद्धत आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर ती काही मिनिटांत करतात आणि बहुतेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. आपल्याकडे मात्र सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनसारखी गोळी महिनोन्‌महिने चालू राहते. या गोळ्यांनी गुंगी येतेच, शिवाय दीर्घकाळ घेतल्या तर काही वृद्धांत हालचाली कंपवातासारख्या आखडतात. पडू नये म्हणून घेतलेली गोळीच मग पाडते.

घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर एक तपासणी कुणालाही करता येते. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना दाखवा. तोवर अंथरुणातून उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, घोटे दहा-वीसदा वर-खाली हलवायचे आणि मगच उभं राहायचं. पोटरीचे स्नायू पायांत उतरलेलं रक्त वर ढकलतात.

मोरी, संडास आणि कडी

पडण्याची सगळ्यात वाईट जागा न्हाणीघर. साबणाचं पाणी, कडक फरशी, अरुंद जागा, वाकून तांब्या भरणं आणि गरम पाण्याने पसरलेल्या रक्तवाहिन्या, सगळं एकाच ठिकाणी येतं. दिवाळीत त्यात तेल आणि उटण्याची भर पडते. नरक चतुर्दशीला पहाटे घरातले चार जण अभ्यंगस्नान करून गेल्यावर पाचव्या नंबरला आजोबांना पाठवू नये. त्यांची अंघोळ पहिली, नाहीतर मधे फरशी डिटर्जंटने घासून घ्यावी.

बसायला पाट नको. पाटावरून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. गुडघ्याइतक्या उंचीचं, खाली रबरी बूच असलेलं भक्कम स्टूल हवं. प्लास्टिकची हलकी खुर्ची ओल्या फरशीवर पाय फाकवून बसते, ती टाळावी. बादलीही दुसऱ्या बुटक्या स्टुलावर ठेवली तर वाकावं लागत नाही, आणि हे करायला एक रुपया खर्च होत नाही.

भिंतीत दांडा बसवताना टॉवेलचा दांडा आणि आधाराचा दांडा यांत गल्लत होते. टॉवेलचा दांडा माणसाच्या वजनाने उपटून हातात येतो. आधाराचा दांडा स्टीलचा, मुठीत नीट मावेल असा साधारण दीड इंच जाडीचा, टाइलमागच्या पक्क्या भिंतीत खोल स्क्रूने बसवलेला हवा. तो दोन ठिकाणी लागतो, स्टुलाशेजारी आणि संडासात. कुठे लावायचा हे प्लंबरने ठरवू नये. ज्यांच्यासाठी लावायचा त्यांना तिथे बसवावं, उठताना त्यांचा हात आपसूक जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करावी.

देशी संडासातून उठताना गुडघे आणि रक्तदाब दोन्ही एकदम कसाला लागतात. कमोड बसवणं शक्य नसेल तर संडासावर ठेवायची भोकाची खुर्ची मिळते. कमोड असूनही तो बुटका वाटत असेल तर सीट उंच करणारी जोड मिळते. जेट स्प्रेने सगळी जमीन ओली करण्याची सवय घरातल्या तरुणांना असते, पाय मात्र म्हाताऱ्यांचा घसरतो.

आणि कडी. आपल्याकडच्या न्हाणीघरांची दारं बहुधा आत उघडतात. आत माणूस पडलं की त्याचंच शरीर दाराला आडवं येतं, वर आतून कडी असते. सुतार बोलावून दार तोडेपर्यंत अर्धा तास जातो. दार बाहेर उघडेल असं करून घ्यावं, किंवा बाहेरून नाणं घालून फिरवता येईल असं कुलूप बसवावं. दोन्ही जमत नसेल तर घराने नियम करावा, आजी-आजोबांनी कडी लावायची नाही, बाहेर दाराला टॉवेल टांगायचा. लाज वाटते हे खरं. पण चार दिवसांत सवय होते.

गॅस गीझर बंद न्हाणीघरात असेल तर तिथली घेरी थेट जिवावर बेतू शकते. हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. असा गीझर बाहेरच्या भिंतीवर हलवावा.

बाकीचं घर

दारातली सुटी पायपुसणी, दिवाणखान्यातून गेलेली चार्जरची वायर, जुन्या घरातला उंबरठा. पायपुसणं ठेवायचंच असेल तर रबरी तळाचं ठेवा, उंबरठ्याच्या कडेला पिवळा पट्टा ओढा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवे राहू द्यावेत. पलंगाजवळ चष्मा, बॅटरी आणि पाण्याचा तांब्या ठेवावा. रोजच्या वापराचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर असावेत, म्हणजे माळ्यावरच्या डब्यासाठी स्टुलावर चढायची वेळ येत नाही. (सणाच्या आधी जाळ्या काढायला स्टुलावर चढणाऱ्या सत्तरीतल्या गृहिणींना कोण अडवणार, हा प्रश्न मी सोडून देतो.)

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. चाळीच्या अंधाऱ्या जिन्यावर शेवटची पायरी आली असं समजून पाऊल टाकलं जातं आणि अजून एक पायरी उरलेली असते, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडा तरी रंगवाव्यात. कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं. ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासायचं काम आषाढात एकदा करून भागत नाही, गणपतीपर्यंत दर आठवड्याला करावं लागतं.

पायांत काय, डोळ्यांवर काय

आपण घरात अनवाणी वावरतो. त्यात वाईट काही नाही, पण मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील आणि खाली गुळगुळीत टाइल्स असतील तर घरातल्या वापराची वेगळी, मागे पट्टा असलेली, खाचांच्या तळाची चप्पल ठेवावी. झिजलेली हवाई चप्पल सगळ्यात वाईट. थंडीत मोजे घालून टाइल्सवर चालणं त्याच्या खालोखाल. गाऊन घोट्याच्या वर असावा. निऱ्या पायाखाली येत असतील तर साडी किंचित वर नेसावी.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. जिना उतरताना नजर खाली जाते ती नेमकी त्याच भागातून, आणि पायरी धूसर दिसते. बाहेर पडण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा असलेला बरा.

मोतीबिंदू "पिकू द्या" हा सल्ला अजून ऐकू येतो. तो जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तरीपुढच्या ज्या स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर झालं, त्यांचं पडण्याचं प्रमाण ताटकळलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होतं.

ओट्याला धरून

पडण्याच्या भीतीने माणसाला बसवून ठेवणं, हा घरच्यांनी प्रेमापोटी केलेला सगळ्यात महागडा उपाय. "तू बस, मी आणते" म्हणून सून पाण्याचा पेला हातात देते आणि सासूबाईंच्या दिवसातल्या दहा उठबशा वाया जातात. स्नायू किती झपाट्याने जातात? २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात साठीपुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात दोन्ही पायांतलं मिळून जवळपास एक किलो मांस झडलं.

उलट दिशेचा पुरावा याहून भक्कम आहे. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने २५ देशांतले १०८ प्रयोग एकत्र तपासले, त्यांत २३ हजारांहून जास्त ज्येष्ठ होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. सगळ्यात उपयोगी ठरले ते तोल सांभाळण्याचे आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींचे व्यायाम. नुसतं चालण्याने पडणं टळतं याचा पुरावा मात्र कच्चा आहे. सकाळी बागेत तीन फेऱ्या मारून बाकावर गप्पा मारणाऱ्यांना हे आवडणार नाही. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलंच, पण तोल शिकवायचा तर त्याला थोडं अडचणीत आणावं लागतं.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम तयार झाला. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, पायांची ताकद आणि तोल. त्याच्या चार प्रयोगांत मिळून पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं. त्याला लागतं ते घट्ट धरायला काहीतरी आणि शिकवायला एकदा फिजिओथेरपिस्ट. आपल्या घरातला स्वयंपाकाचा ओटा यासाठी उत्तम. तो हलत नाही आणि उंचीही बेताची असते. ओटा धरून टाचा उचलाव्यात, पाय बाजूला उचलावा, ओट्याच्या कडेने आडवं चालावं, एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच लावून उभं राहावं. जमायला लागलं की दोन हातांऐवजी एक हात, मग दोन बोटं. भाताच्या शिट्ट्या होईपर्यंत एवढं होतं. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठून पुन्हा बसायचं, सुरुवातीला पाचदा, पुढे दहादा. ज्यांना आधीच तोल जातो त्यांच्याजवळ कुणीतरी उभं राहावं.

आपण कुठे आहोत हे कळायला दोन चाचण्या पुरतात. पाऊल पावलापुढे ठेवून आधाराशिवाय दहा सेकंद उभं राहता येतं का? खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून परत येऊन बसायला किती वेळ लागतो? बारा सेकंद किंवा जास्त लागत असतील तर फिजिओथेरपिस्टला दाखवायची वेळ झाली. घड्याळ नातवाच्या हातात द्यावं, त्याला मजा येते आणि आजोबाही ईर्षेने चालतात.

ड जीवनसत्त्वाबद्दल एकच. कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तसं घ्यावं, पण पडू नये म्हणून "जास्त घेतलं तर बरं" हे खोटं आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस दिला, तेव्हा २०१० साली आलेल्या निष्कर्षांत त्या इतरांपेक्षा जास्तच पडल्या होत्या. साठ हजारांची गोळी म्हणूनच स्वतःच्या मनाने दर आठवड्याला घेत राहू नये.

काठी

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जवळपास सगळेच उलट धरतात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत तिची उंची हवी. खालचं रबरी बूच झिजलं की काठी स्वतःच घसरते, नवीन बूच पाच-पन्नास रुपयांत मिळतं. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी खाली. काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, २ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या पासष्टीपुढच्यांना एकदाच ३,००० रुपये मिळण्याची तरतूद २०२४ साली झाली. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवरही माहिती मिळते.

पडल्यावर

पडलेल्या माणसाला काखेत हात घालून ओढून उभं करू नये. आधी दोन मिनिटं तसंच राहू द्यावं, कुठे दुखतंय ते विचारावं. एकटं असाल आणि फार दुखत नसेल तर कुशीवर वळा, हात-गुडघ्यांवर या, रांगत जवळच्या खुर्चीपाशी किंवा पलंगापाशी जा, बैठकीवर हात टेका, चांगला पाय पुढे रोवा आणि वळून बसा. पडलेलं नसताना हे एकदा करून पाहावं.

उठता आलं नाही तर तासन्‌तास जमिनीवर पडून राहणं हा वेगळाच धोका आहे. स्नायू दबून मूत्रपिंडांवर परिणाम होतो, अंगावर जखमा होतात, पाणी कमी पडतं. एकट्या राहणाऱ्यांनी मोबाइल गळ्यात किंवा खिशात ठेवावा, टेबलावर ठेवलेला फोन जमिनीवरून हाताला येत नाही. शेजारी किल्ली असावी, आणि रोज ठरलेल्या वेळी कुणाचा तरी फोन यावा.

डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डोक्याच्या आत हळूहळू झिरपणारं रक्त काही वेळा दोन-तीन आठवड्यांनी त्रास देतं. माणूस असंबद्ध बोलतं, फार झोपतं, एक पाय ओढतं आणि घरचे म्हणतात, वयामुळे विसरायला लागले. अशा वेळी मधल्या काळात कधी पडलं होतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

खुबा

जांघेत दुखतंय, पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, असं असेल तर खुब्याचं हाड मोडल्याची शक्यता मोठी. चोळू नये, शेकू नये, हाडवैद्याकडे नेऊ नये. पाय आहे तसा ठेवून १०८ बोलवावी. "या वयात ऑपरेशन कशाला" असं नातेवाइकांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावं, असं अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात ते याच वयाच्या लोकांसाठी. रॉड टाकला किंवा बॉल बसवला की बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करतात. न करता महिनोन्‌महिने अंथरुणात ठेवलं तर न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा, पायातल्या रक्ताच्या गाठी यांची रांग लागते.

टाके निघाले, एक्स-रे चांगला आला की फाइल कपाटात जाते. इथे एक काम राहून जातं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं, मग तो खुबा असो की पन्नाशीत हातावर पडून मोडलेलं मनगट, ही हाडं ठिसूळ झाल्याची खूण आहे. त्यावर औषधं आहेत, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शनही आहे. ती सुरू झाली नाहीत तर दुसऱ्या बाजूचा खुबा मोडण्याचा धोका तसाच राहतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ही औषधं, यांबद्दल ऑपरेशननंतरच्या पहिल्या फेरतपासणीतच विचारावं. डॉक्टर गडबडीत असले तरी विचारावं.